मिरजेच्या मंडळीत नव्याने येणाऱ्यांसाठी

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा घरातल्या कोणाच्या औषधोपचारासाठी सांगली-मिरजेत आलेली माणसे रविवारी सकाळी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, फाटकाशी येतात आणि बहुतेक वेळा तिथेच घुटमळतात. काही जण जन्माने ख्रिस्ती असतात, नगर, जालना किंवा गडहिंग्लजकडच्या आपल्या मंडळीची सवय घेऊन आलेले असतात आणि इथली रीत वेगळी असेल का, या विचारात असतात. काहींचा ख्रिस्ती धर्माशी काहीच संबंध नसतो. आतून पेटीचा सूर आणि भजन ऐकू आले म्हणून ते थांबलेले असतात. सेवेतून निवृत्त झाल्यापासून दाराशी उभे राहून लोकांचे स्वागत करण्याचे काम माझ्याकडे आहे. लोक काय विचारतात आणि संकोचामुळे काय विचारायचे टाळतात, हे मला आता चांगले ठाऊक झाले आहे; म्हणून त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आत येणाऱ्याला त्याची जात, पगार किंवा येण्याचे कारण कोणी विचारत नाही. नाव आणि गाव मात्र विचारले जाते, कारण गाव कळल्याशिवाय आपल्याकडे ओळख पुढे सरकत नाही. घरचे कोणी आजारी आहे असे बोलण्यात आले, तर कोणता दवाखाना, कोणता वॉर्ड, सोबत रात्री कोण राहते आणि डब्याची सोय काय, एवढी चौकशी नक्की होते. नव्या माणसाला ही चौकशी थोडी जास्त वाटण्याचा संभव आहे, पण ती आमच्या अंगवळणी पडलेली आहे आणि तिला या गावाचा इतिहास कारण आहे.

या भागात अमेरिकन मिशनचे काम 1852 मध्ये कोल्हापुरात सुरू झाले आणि पुढे ते सांगली-मिरजेकडे वाढले. मिरजेचे नाव सर्वदूर नेले ते डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांनी. कॅनडात 1865 मध्ये जन्मलेले हे शल्यविशारद 1889 मध्ये येथे आले, 1894 मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले आणि 1897 मध्ये वैद्यकीय शिक्षणाची शाळा काढली. मिरज तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. गाव रेल्वेच्या जंक्शनावर असल्यामुळे कर्नाटकातून आणि देशावरून रुग्ण गाडीने येऊ लागले आणि मोतीबिंदू काढून घेण्यासाठी आलेली माणसे आपल्या गावी परतून दुसऱ्यांना पाठवू लागली. क्षय आणि कुष्ठरोग झालेल्या माणसाला सख्खे नातेवाईकही अंगणाबाहेर ठेवत असत, अशा काळात त्या दोन्ही रोगांच्या रुग्णांसाठी येथे स्वतंत्र व्यवस्था झाली. सांगली-मिरज रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना वानलेसवाडी हे नुसते बसथांब्याचे नाव वाटते. ती वस्ती क्षयरोग्यांच्या त्या रुग्णालयाभोवती वाढलेली आहे. ब्रिटिश सरकारने 1928 मध्ये वानलेस यांना ‘सर’ हा किताब दिला आणि 1933 मध्ये ते वारले.

हा इतिहास मी अभिमानाने सांगते, कारण माझे शिक्षण, माझी नोकरी आणि माझ्या घरातली पहिली साक्षर पिढी हे सारे त्याच कामामुळे शक्य झाले. तरीही पूर्वजांनी केलेल्या सेवेच्या पुण्याईवर आजची मंडळी जगू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे. नव्याने येणाऱ्याने आम्हाला विचारावे ते हेच, की आज तुम्ही काय करता. आणि त्याचे उत्तर आमच्याजवळ असले पाहिजे.

आमच्या उत्तरातला मोठा भाग बुधवारी दुपारी घडतो. महिला मंडळातल्या काही जणी आणि सवड असेल तर तरुण संघातली एक-दोन मुले गावातल्या दवाखान्यांत रुग्णांना भेटायला जातात. मिरजेत आज दवाखान्यांची दाटी आहे, कोकणातून आणि सीमेपलीकडच्या गावांतून माणसे येतात, आणि रुग्णापेक्षा त्याच्या सोबतीला बसलेल्या बाईचे हाल पुष्कळदा अधिक असतात. तिला अंघोळ कुठे करायची हे माहीत नसते, कोणत्या काउंटरवर कोणता कागद द्यायचा हे कळत नाही, आणि कन्नड बोलणारी असेल तर विचारायचीही चोरी. म्हणून आमच्या पिशवीत गरम पाण्याचा थर्मास, कंगवा, खोबरेल तेलाची बाटली, साबण, मोबाइलचा चार्जर आणि मराठी-कन्नड दोन्ही येणाऱ्या एका बहिणीचा फोन नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात. हाताला सलाईन लावलेल्या बाईचे केस विंचरून वेणी घालून द्यायला दहा मिनिटे लागतात, आणि त्या दहा मिनिटांत ती जे बोलते ते तिने डॉक्टरांनाही सांगितलेले नसते. औषध परवडत नाही म्हणून अर्धीच गोळी घेतल्याचे आम्हाला असेच एकदा कळले आणि ते लगेच सिस्टरांच्या कानावर घालता आले.

या भेटीचा एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो: विचारल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. कोणी म्हणाले, ‘आमच्यासाठी देवाजवळ मागा’, तर आम्ही हळू आवाजात प्रार्थना करतो, क्वचित ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र वाचतो. कोणी नको म्हटले किंवा काहीच म्हटले नाही, तर थर्मास भरून देऊन आम्ही पुढच्या खाटेकडे जातो. आजारी माणूस खाटेवर अगतिक असतो. त्याच्या अगतिकतेचा फायदा घेऊन त्याला काही ऐकवणे हे ख्रिस्ताच्या रीतीला धरून नाही, असे मला मनापासून वाटते. येशूने आंधळ्या बार्तिमयाला आधी विचारले होते की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. ज्याला समोरच्याची गरज उघड दिसत होती त्यानेही आधी विचारले, मग आम्ही तर विचारलेच पाहिजे.

यातूनच दुसऱ्या, अधिक नाजूक प्रश्नाचे उत्तर मिळते, जो ख्रिस्तेतर कुटुंबातून आलेली माणसे तोंडाने विचारत नाहीत पण ज्याची धास्ती त्यांच्या मनात असते. उपासनेला येऊन बसल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही, आणि व्हावे असा आग्रहही कोणी धरणार नाही. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, ही ज्याच्या त्याच्या विवेकाची गोष्ट आहे. त्याआधी पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) पुष्कळ महिने शिकवतात, घरच्यांशी बोलला आहात का हे विचारतात, आणि घाई दिसली तर थांबायला सांगतात. कोणत्याही मदतीच्या बदल्यात विश्वास मागणे हे आम्ही पाप समजतो.

या संदर्भात शेजारच्या साताऱ्याची एक आठवण नव्या माणसांना मी नेहमी सांगते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, बरीच वर्षे मिशनमध्ये काम केले, आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे अनुयायी तिथे एकत्र यावेत, आणि भक्ती आपल्या मातीच्या वळणाने व्हावी, अशी त्यांची धारणा होती. 1919 मध्ये टिळक वारले आणि तो प्रयोग फार वाढू शकला नाही, परंतु त्यांनी उघडलेले दार माझ्या दृष्टीने आजही उघडेच राहिले पाहिजे. आमच्या बाकांवर असे काही जण वर्षानुवर्षे येऊन बसतात, ज्यांचे नाव सभासदांच्या वहीत नाही आणि ज्यांच्यावाचून आमचे गायनमंडळ लंगडे पडेल.

गायन हा आमच्या उपासनेचा प्राण आहे. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवलेल्या असतात. त्यात परदेशी चालींवरची गीते आहेत आणि टिळकांची अभंगाच्या, भजनाच्या वळणाची पदेही आहेत. तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या या गावात पेटी-तबल्याची साथ चांगली मिळाली नाही तर लोक नाव ठेवतात. चाल येत नसेल तर नुसते वाचत राहिले तरी चालते. उपासना साधारण दीड तास चालते. पापकबुलीची प्रार्थना, जुन्या आणि नव्या करारातील वाचने, विश्वासांगीकार (आपला विश्वास एकत्र बोलून दाखवणे), उपदेश, आजाऱ्यांसाठी आणि देशासाठी प्रार्थना, दान आणि शेवटी आशीर्वाद असा क्रम असतो. केव्हा उभे राहायचे हे पुढच्या बाकाकडे पाहून कळते. डोक्यावर पदर घेणे ही जुन्या बायकांची सवय आहे, नव्या बाईवर तिची सक्ती नाही. दानाची थैली समोर आली आणि काही टाकायचे नसेल तर ती पुढे द्यावी. पाहुण्याने दान दिलेच पाहिजे असे मुळीच नाही.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी नवी माणसे हमखास गोंधळतात. भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा व स्थिरीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) झालेले सभासद घेतात, मग ते दुसऱ्या गावच्या मंडळीचे का असेनात. बाकीच्यांनी आपल्या जागी शांत बसावे, त्यात कमीपणा नाही. द्राक्षाचा हंगाम नसतो तेव्हा तासगावकडचे बेदाणे आदल्या रात्री भिजत घालून, सकाळी कुस्करून आणि स्वच्छ फडक्यातून गाळून रस काढतात. हे काम शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागून करणाऱ्या बहिणींमध्ये यंदा दोन नव्या सुनांची भर पडली आहे, याचा मला फार आनंद आहे.

एकाच रविवारी येऊन मंडळी ओळखायची असेल, तर मी हंगामाच्या सणाचा रविवार निवडायला सांगेन. त्या दिवशी वेदीपुढे ज्वारीची कणसे, हळकुंडे, उसाची मोळी, गुळाच्या ढेपा, भोपळे, अंडी, नारळ, क्वचित पाय बांधलेली एखादी कोंबडीही मांडलेली असते. शेती नसलेले लोक घरची चटणी, शिवलेले परकर, विणलेली टोपडी आणतात. उपासनेनंतर आवारात या सगळ्याचा लिलाव होतो, आणि तो बाजारभावाने होत नाही. गेल्या खेपेस एका वृद्ध सभासद बाईंनी आपल्या परसातला एक भोपळा आणला होता. तो एका शिक्षकाने घेतला, पैसे भरले आणि पुन्हा लिलावाला ठेवला, तो दुसऱ्याने घेऊन पुन्हा ठेवला, असे होत होत शेवटी तो भोपळा त्याच बाईंच्या हाती भाजी करायला परत गेला. जमलेली रक्कम मुलांच्या शाळेच्या फीसाठी आणि दवाखान्यातल्या गरजूंसाठी वापरली जाते आणि तिचा हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखवला जातो. त्या सभेत सभासद प्रश्न विचारतात, कधी कडाक्याने विचारतात, आणि तसे ते विचारतात म्हणूनच कारभार स्वच्छ राहतो.

ही मंडळी निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्यापैकी बहुतेकांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे होते आणि समतेच्या ओढीने ते ख्रिस्ताकडे आले. असे असताना मिशनच्या काळात शिकून पुढे गेलेली जुनी घराणी आणि मागाहून खेड्यांतून आलेली कुटुंबे यांच्यात आजही एक अंतर जाणवते. लग्ने ठरवताना तर फारच जाणवते. नव्या कुटुंबाला मागच्या बाकावर बसू देऊन आपण त्याचे स्वागत केले, असे मानणाऱ्या ज्येष्ठांना मी हे तोंडावर सांगितले आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात घरे सोडावी लागलेली कुटुंबे जेव्हा आमच्या सभागृहात राहिली, तेव्हा भाकरी थापायला, कपडे वेगळे करायला आणि लहान मुलांना झोपवायला सगळ्या घराण्यांचे हात एकाच ओळीत होते. जे तेव्हा जमले ते एरवी का जमू नये, हा प्रश्न मी कमिटीपुढे पुन्हा पुन्हा मांडत असते, आणि नव्या लोकांनीही तो मांडावा, अशी माझी विनंती आहे.

आता थोडे व्यवहाराचे. उत्तर भारतातील सहा प्रॉटेस्टंट पंथ 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यामुळे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट किंवा अँग्लिकन वळणात वाढलेल्या माणसाला आमच्यासारख्या मूळच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत परके वाटण्याचे कारण उरलेले नाही. कॅथलिक बंधुभगिनींचेही स्वागतच असते. कायमचे राहायला आलेल्यांनी आधीच्या मंडळीच्या पाळकांकडून सभासदत्वाचे पत्र आणावे. ते मिळायला वेळ लागला तरी मुलांना संडे स्कूलला लगेच पाठवावे, तिथे नाव घालायला कोणतेही पत्र लागत नाही. पाळकसाहेबांशी निवांत बोलायचे असेल तर रविवारच्या गर्दीत बोलण्यापेक्षा त्यांना घरी बोलवावे, ते येतात आणि चहाखेरीज काही घेत नाहीत.

जे थोड्या दिवसांसाठी, रुग्णाला घेऊन मिरजेत आले आहेत, त्यांनी दाराजवळच्या वहीत रुग्णाचे नाव, दवाखाना आणि खाट क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे बुधवारी आम्हाला शोधावे लागत नाही. डिस्चार्ज मिळून गावी पोहोचलात की एक फोन अवश्य करावा. तुमच्या गावाजवळ मंडळी असेल तर ड्रेसिंगसाठी, औषध आणण्यासाठी किंवा नुसते विचारपूस करण्यासाठी तिथल्या कोणाला तुमच्याकडे पाठवता येते.