अणूंतच चुंबक असताना अतिसंवाहकता कशी टिकते?

मी जळगावात पदार्थविज्ञान शिकवतो. रावेर-यावलकडच्या केळीबागांतून आलेल्या मुलांनी पंपाची मोटार जळालेली घरीच पाहिलेली असते, त्यामुळे रोधाने तार तापते हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. रोध शून्य असणाऱ्या अतिसंवाहकाचा धडा संपला की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, चुंबकत्वाने अतिसंवाहकता नष्ट होते, तर मग चुंबकीय पदार्थ अतिसंवाहक कसे असतात?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

शंका रास्त आहे. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने वाहतात आणि नेहमीच्या जोडीत दोघांचे स्पिन, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनला चिमुकल्या चुंबकासारखी दिशा देणारा अंगभूत गुणधर्म, परस्परविरुद्ध असतात. लोहचुंबकत्व, म्हणजे सर्व अणुचुंबक एकाच दिशेला असण्याची अवस्था, हे स्पिनही एकाच दिशेला वळवू पाहते, त्यामुळे जोडी फुटते. अर्बियम, रोडियम आणि बोरॉन यांचे एक संयुग 8.7 केल्विनला (केल्विनचे शून्य म्हणजे उणे 273 अंश सेल्सियस) अतिसंवाहक होते, परंतु 0.9 केल्विनच्या आसपास त्यात लोहचुंबकत्व प्रकटले की रोध परत येतो. थंड करून मिळवलेली अवस्था आणखी थंड केल्यावर हरवावी, याचे मला आजही नवल वाटते.

मात्र चुंबकत्व एकाच प्रकारचे नसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी 1994 मध्ये यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे 12 केल्विनला अतिसंवाहकता असल्याचे प्रसिद्ध केले. याच कुळातील, यिट्रियमच्या जागी होल्मियम असलेले संयुग सुमारे 8 केल्विनला अतिसंवाहक होते. पुढे 5 ते 6 केल्विनच्या दरम्यान होल्मियमचे अणुचुंबक मळसूत्रासारखे फिरत गेलेले असतात, आणि तिथे अतिसंवाहकता क्षीण होते. त्याखाली एका थरातील सर्व चुंबक एका दिशेला व पुढच्या थरातील विरुद्ध दिशेला अशी मांडणी बसते, आणि अतिसंवाहकता पुन्हा सावरते. कारण इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा विस्तार थरांमधल्या अंतराच्या कितीतरी पट असल्याने तिच्यावरचे उलटसुलट प्रभाव एकमेकांना रद्द करतात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर याच संयुगात आहे.

युरेनियम आणि जर्मेनियमच्या एका संयुगाची गोष्ट निराळी आहे. ते सरळ लोहचुंबक आहे. तरीही वातावरणाच्या दहा हजार पटींहून अधिक दाबाखाली, 1 केल्विनच्याही खाली, ते अतिसंवाहक होते, हे 2000 मध्ये आढळले. तिथे जोडीतील दोन्ही स्पिन एकाच दिशेचे असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अशा जोडीला लोहचुंबकत्व त्या प्रकारे फोडू शकत नाही. दाब आणखी वाढवून चुंबकत्व नाहीसे केले, की त्याच्याबरोबर अतिसंवाहकताही जाते.