डिबगमध्ये चालतं, रिलीजमध्ये थांबतं

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या सँड मिक्सरचा कंट्रोलर आम्ही सांभाळतो. त्याचा मूळ सी कोड जुन्या सप्लायरचा. त्यात नवा डिस्प्ले जोडला तेव्हा प्रोग्रॅम चिपच्या फ्लॅश मेमरीत मावेना, म्हणून कंपायलरचं (सी कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचं) ऑप्टिमायझेशन, म्हणजे नको ते काम गाळून कोड आटोपशीर करणं, चालू केलं. फाउंड्रीत जाऊन तो बोर्डात भरला आणि मिक्सर पहिल्याच बॅचला अडकला.

फोरमन म्हणाले, "साहेब, ह्यो पुढं जाईनाच झालाय. सेन्सर तर लागतोय की!"

सेन्सरचा दिवा खरंच लागत होता. वायरिंग ठीक, सप्लाय ठीक. डिस्प्लेचा भाग वगळून, ऑप्टिमायझेशन बंद करून, म्हणजे डिबग पद्धतीनं, भरलं तर सगळं सुरळीत. ओ-टू, म्हणजे रिलीजसाठीची ऑप्टिमायझेशनची पातळी, लावलं की ठप्प. नेमकं कुठं थांबतंय ते कळावं म्हणून लूपमध्ये (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडमध्ये) सिरीयल पोर्टवर एक अक्षर पाठवणारी ओळ टाकली, तर मिक्सर चालायलाच लागला! ओळ काढली की परत बंद. फोरमन म्हणत होते, बोर्डच बदला. पण एक अक्षर छापल्यानं सुधारणारा बोर्ड मी तरी पाहिलेला नाही.

मग सी बाजूला ठेवलं आणि ऑब्जडंप या टूलनं, कंपायलरनं तयार केलेलं असेंब्ली, म्हणजे चिपसाठीच्या एकेका सूचनेची यादी, उघडलं. सेन्सर लागला की चालू काम मधेच थांबवून एक छोटं फंक्शन चालतं, तो इंटरप्ट; तो एक फ्लॅग (खुणेचं व्हेरिएबल) 1 करतो आणि मुख्य लूप त्याची वाट बघतो, एवढीच रचना. ऑप्टिमायझेशन नसताना प्रत्येक फेरीत फ्लॅग मेमरीतून वाचला जात होता. ओ-टूमध्ये ते वाचन लूपच्या आधी, एकदाच. लूपमध्ये उरली होती स्वतःवरच उडी मारणारी एक ब्रँच.

ते बघून मला कंपायलरचं मनापासून कौतुक वाटलं. लूपमध्ये त्या फ्लॅगला कुणी हात लावत नाही. इंटरप्टचं फंक्शन कोडमधून कुणीच बोलावत नाही; ते हार्डवेअर बोलावतं, आणि हार्डवेअर कंपायलरला दिसत नाही. मग तीच किंमत पुन्हा पुन्हा का वाचावी? अक्षर छापणारं फंक्शन मात्र दुसऱ्या फाइलमधलं. ते आत काय बदलेल याचा भरवसा नसल्यानं फ्लॅग परत वाचणं कंपायलरला भाग होतं. 1957 साली आयबीएमचा फोरट्रान आला, तेव्हा हातानं लिहिलेल्या असेंब्लीच्या तोडीचा वेग दाखवल्याशिवाय लोक तो वापरणार नव्हते. नको ते काम गाळणं तेव्हापासूनच कंपायलरच्या रक्तात आहे.

उपाय एका शब्दाचा: फ्लॅगच्या घोषणेत व्होलाटाइल. 1989 च्या सी प्रमाणकात तो अशाच जागांसाठी आहे. प्रत्येक वाचन खरोखर मेमरीतूनच करा, असं तो कंपायलरला बजावतो. नवा प्रोग्रॅम भरला, मिक्सर फिरला.

निघण्याआधी बाकीचे व्हेरिएबलही तपासले. बॅचचा काउंटर इंटरप्टमध्ये वाढत होता आणि मुख्य लूपमध्ये कमी होत होता. तिथं व्होलाटाइल पुरत नाही, कारण वाचणं, बदलणं आणि परत लिहिणं यांच्या मधेच इंटरप्ट घुसू शकतो. लूपमधल्या त्या वजाबाकीपुरते इंटरप्ट बंद ठेवले आणि तोही प्रोग्रॅम त्याच फेरीत भरून आलो.