सव्वादहाला उलटलेल्या कॅसेटी

पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि तीन महिन्यांत घर रिकामं करायचं पत्र आलं. भांडीकुंडी, फर्निचर यांचा निकाल आठवड्यात लागला. बाबांच्या संग्रहाला मात्र तिन्ही महिने लागले. ११२ एलपी रेकॉर्डी, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या चाळीसेक जुन्या रेकॉर्डी आणि ३४० कॅसेटी. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि भाड्याच्या घरात या सगळ्यासाठी एकच कपाट होतं.

एलपी सोप्या वाटल्या म्हणून आधी त्या काढल्या. एकेक उजेडात तिरकी धरून चरे बघायचे, कव्हर तपासायचं. आडव्या रचून ठेवल्यामुळे तळाच्या नऊ वाकल्या होत्या, त्या गेल्या. विकत घेणारे गृहस्थ घरीच आले. "ताई, हिंदी सिनेमाच्या, कव्हर चांगलं असेल तर लगेच जातात. शास्त्रीयला गिऱ्हाईक यायला वेळ लागतो," म्हणाले. ७० नेल्या, चौदा हजार दिले. मी घासाघीस केली नाही. ती गाणी आज मोबाइलवर सहज मिळतात. शास्त्रीयच्या ३३ ठेवल्या.

७८ च्या बाबतीत माझ्या हातून चूक झाली, आणि ती अजून सलते. एलपी पुसायला स्पिरिट घातलेलं पाणी केलं होतं, तोच बोळा गायिका हिराबाई बडोदेकरांच्या एका रेकॉर्डवर फिरवला. कापूस काळा झाला, रेकॉर्डची चकाकी गेली. या रेकॉर्डी लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मग एका जुन्या संग्राहकांना फोन केला. त्यांनी सांगितलं : साध्या पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, लेबल कोरडं ठेवायचं, आणि एलपीची सुई यांवर कधीच लावायची नाही, यांची खाच कितीतरी रुंद असते. सगळ्या रेकॉर्डी मी त्यांनाच दिल्या, पैसे न घेता. त्यांच्याकडे योग्य सुई आहे आणि रोज ऐकणारा कान आहे. ती खराब झालेली तेवढी माझ्याकडे आहे.

राहिल्या कॅसेटी. त्यांना भाव नाही. एलपी नेणारे गृहस्थ त्यांच्याकडे बघतही नव्हते. विकतच्या कॅसेटींपैकी पावसाळ्याच्या दमटपणाने निम्म्यांना बुरशी आली होती. पण एका पत्र्याच्या डब्यात ६४ कॅसेटी निघाल्या, सगळ्या नव्वद मिनिटांच्या, पाठीवर बाबांच्या अक्षरात तारीख, गायक, राग. आकाशवाणीचा शनिवार रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. साडेनऊला सुरू व्हायचा, अकराला संपायचा. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे बरोबर सव्वादहाला कॅसेट उलटावी लागे. आई म्हणाली, "दहा वाजले की ते रेडिओसमोर मांडी घालून बसायचे. फीत संपत आली की समेची, तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघायचे, सम आली की झटकन उलटायचे. त्या वेळी फोन वाजला तरी मी उचलायचा नाही."

ऐकताना ते कळतं. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं चालू असतं, सम येते, टक् असा आवाज, आणि पुढच्या बाजूला गाणं तालाच्या अर्ध्या आवर्तनातून सुरू होतं. बहुतेक ठिकाणी त्यांनी सम साधलीय. हे ध्वनिमुद्रण दुकानात कधी विकायलाच आलं नाही. म्हणून ठेवायचं काय, हा प्रश्न तिथेच सुटला.

कॅसेट वाजवायच्या डेकचा पट्टा सैल झाला होता, तो बदलून घेतला. हेड साफ केलं आणि डेकची वायर कॉम्प्युटरला जोडली. यात घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते. ६४ कॅसेटींचे ९६ तास. रोज रात्री जेवण झाल्यावर एक. आईही शेजारी बसायची, मध्येच राग ओळखायची.

बुरशीच्या कॅसेटी टाकल्या, चांगल्या वाटून दिल्या. फक्त स्क्रूने उघडणाऱ्या रिकाम्या करून बारा खोकी ठेवली. शनिवारच्या कॅसेटींपैकी दोघींमधली फितीमागची छोटी फेल्टची गादी गळून पडलीय, त्यामुळे आवाज येतो आणि जातो. त्यांची फीत या खोक्यांत बसवून पाहायची आहे. एकीवर बाबांनी लिहिलंय : मारवा, बाजू ब, सम चुकली.