अजिंठ्याला जाताय? फर्दापूरच्या सराईतही थांबा

जळगावहून नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरला जाणारा आमचा औरंगाबाद रोड. राज्य महामार्ग होता तेव्हा कडेच्या लिंबांच्या सावलीतून एस्टी जायची, पहूरला पीजेचं म्हणजे पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेचं फाटक पडलं की निम्मी गाडी पाय मोकळे करायला खाली. आता तो राष्ट्रीय महामार्ग 753 एफ. झाडं गेली याचं वाईट वाटतं, पण रस्ता हवाच होता.

मला बोलायचंय ते वेगळंच. लेण्यांकडे वळायच्या फाट्यावर, म्हणजे टी-पॉइंटला गाडी लावायची, लेणी बघायची आणि अंधार पडायच्या आत जळगाव गाठायचं, एवढंच सगळे करतात. फर्दापूर गावातल्या मोगलकालीन सराईकडे कुणी वळत नाही. अहो, बुऱ्हाणपूरकडून दख्खनला निघालेली माणसं अजिंठ्याचा घाट चढायच्या आधी इथे पाठ टेकत होती! लेणीसुद्धा या वाटेपासून फार लांब नाहीत. भिक्षूंना एकांत हवा होता तसे दान देणारे वाटसरूही लागत होतेच की.

दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 साली आपलं नाव कोरलंय, तेही चित्रावरच. मान वर करून बघावं लागतं, कारण तेव्हा लेण्यात गाळ-माती साचलेली होती आणि तो त्या ढिगावर उभा होता. मला दर वेळी राग येतो.

घाट चढून वर गेलात की तटबंदीचं अजिंठा गाव. 1803 च्या असईच्या लढाईनंतर इंग्रजांचे जखमी शिपाई इथेच आणले होते. पुढे 1844 मध्ये मेजर रॉबर्ट गिलला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमलं, तोही याच गावात राहिला. वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्या नकलांपैकी बऱ्याचशा 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याची प्रेयसी पारो हिची कबर अजिंठ्यात आहे, आणि 1879 मध्ये गेलेला गिल मात्र आपल्या भुसावळच्या मातीत. भुसावळकरांनो, शाळेतल्या पोरांना एकदा तरी ती कबर दाखवा.

लेणी सोमवारी बंद असतात. नेमके त्याच दिवशी पोचलात तर परत फिरू नका. सकाळी सराई बघा, मग घाट चढून अजिंठा गाव.