तुम्ही विचारलंत म्हणून: कोरियन येत नाही, मग गाण्यांवर लिहिता कसं?

मी के-पॉपवर, म्हणजे कोरियन पॉप गाण्यांवर लिहिते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘कोरियन येतं तुम्हाला?’ येत नाही. लिपी येते, ती पंधरा दिवसांत जमली. बाकी सगळा कारभार शब्दकोश मांडीवर घेऊन. ‘मग गाणं चांगलं की वाईट, ठरवता कसं?’ यावर पूर्वी मी सूर, ताल, आवाज असं काहीबाही सांगून वेळ मारून न्यायची. खरं उत्तर द्यायचं तर मी एका गाण्यात कशी तोंडावर आपटले ते सांगावं लागेल.

गाणं बीटीएस या कोरियन गटाचं ‘स्प्रिंग डे’, कोरियनमध्ये ‘पोमनाल’. १३ फेब्रुवारी २०१७ ला ‘यू नेव्हर वॉक अलोन’ या अल्बममध्ये आलं. अल्बम म्हणजे आदल्या ऑक्टोबरातल्या ‘विंग्ज’मध्ये चार नवी गाणी घालून काढलेली वाढीव आवृत्ती, पण म्हणायचं कमबॅकच. या धंद्यात प्रत्येक नवा अल्बम कमबॅक असतो, मग माणसं कुठे गेलेली नसली तरी.

पहिल्या ऐकण्यात कानात राहिलं ते ‘पोगो शिप्ता’. पोगो म्हणजे बघणं, शिप्ता म्हणजे वाटणं. बघावंसं वाटतंय. ‘तुझी आठवण येते’ हे तिथे असं सांगतात. आगगाडी, बर्फ, ऑगस्टातही न सरणारा हिवाळा. मी लिहून टाकलं: गोड चालीचं विरहगीत, रॅप जरा लांबलेला. एक ओळ तर मराठीत जशीच्या तशी बसली, शब्दांच्या क्रमासकट: ‘तुझा फोटो बघतोय, तरी बघावंसं वाटतंय.’ स्वतःवर भलतीच खूश होते.

मग एका रात्री शब्द पुन्हा तपासायला बसले. ‘तुझा’ नव्हतंच तिथे. शब्द होता ‘नोही’. बरोबरीच्या किंवा लहान अशा एकाहून जास्त जणांना म्हणायचं ‘तुम्ही’. तुम्हा सगळ्यांचा फोटो. विरह म्हटला की समोर एकच माणूस असणार, हे माझं मीच धरून चालले होते.

१६ एप्रिल २०१४ ला दक्षिण कोरियात सेवॉल नावाचं जहाज बुडालं. ३०४ माणसं गेली. त्यातली २५० एकाच शाळेतली मुलं, आन्सानच्या दानवॉन हायस्कूलमधली, जेजू बेटावर सहलीला निघालेली. गाण्यात याचं नाव कुठेही नाही. पण व्हिडिओतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या पाळण्याला पिवळ्या फिती बांधल्यात, आणि पिवळी फीत ही त्या मुलांची खूण. तिकडच्या कित्येकांनी हे गाणं त्या मुलांचंच मानलं.

त्यानंतर ध्रुवपद नव्याने ऐकलं. बर्फ पडतो आणि कुणी दूर जातं, या दोन क्रियापदांत जेमतेम पहिल्या व्यंजनाचा फरक आहे. उच्चारताना एकातून दुसरं निसटतं. दोन्हींच्या शेवटी अदबीचा ‘यो’. लगेच पुढे ‘पोगो शिप्ता’, ते मात्र बिनयोचं, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं. सुरुवातीला गाणारा विचारतो, अजून किती रात्री जागायच्या? शेवटच्या ध्रुवपदात बर्फाच्या जागी चेरीची फुलं येतात, तीही ‘फुलतायत वाटतं’ अशी, खात्री नसलेली. आणि प्रश्न बदलून होतो: अजून थोड्याच रात्री. (रॅप मला अजूनही लांबलेला वाटतो. ते मत मागे घेतलेलं नाही.)

तिथेच शेवटी दोन शब्द आहेत, ‘तेरिरो काल्के’. शब्दकोशात अर्थ दिलाय: सोबत आणण्यासाठी जाईन. मी बराच वेळ मराठी शोधत बसले. भेटायला येईन? नाही, ते आधीच्या ओळीत येऊन गेलंय. घेऊन जाईन? तसंही नाही. मग आठवलं, शाळेच्या फाटकाशी मुलाचा हात सोडताना आपण जे म्हणतो तेच हे.

न्यायला येतो.