विजयदुर्ग : आधी खाडी, मग किल्ला

देवगड तालुक्याच्या उत्तर टोकाला, वाघोटण नदी समुद्राला मिळते तेथे, विजयदुर्ग हे छोटे बंदर वसले आहे. येथे येणारे बहुतेक पर्यटक किल्ल्यावर फेरी मारतात आणि लगेच कुणकेश्वराकडे किंवा मालवणकडे निघून जातात. आम्ही मात्र आधी खाडी पाहिली आणि नंतर किल्ला. हाच क्रम पुढे जाणाऱ्यांना आग्रहाने सुचवावासा वाटतो, कारण ज्या खाडीतल्या आरमारासाठी हा किल्ला एवढा बळकट केला गेला, ती खाडी पाहिल्याशिवाय त्याच्या तिहेरी तटाचे प्रयोजन पुरते उमगत नाही.

मुंबई–गोवा महामार्गावर तळेरे येथे फाटा आहे आणि तेथून विजयदुर्ग सुमारे 50 किलोमीटरवर आहे. रस्ता वळणावळणाचा असल्याने अंतरावरून वेळेचा अंदाज बांधू नये. रेल्वेने येणाऱ्यांना राजापूर रोड, वैभववाडी किंवा कणकवली ही स्थानके सोयीची पडतात, मात्र स्थानकापासून पुढच्या वाहनाची व्यवस्था आधीच करून ठेवावी. एस.टी. गावापर्यंत येते.

निघण्यापूर्वी त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ही वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप आत येते व तितकेच मागे हटते. सकाळी ओहोटी असेल असा दिवस निवडला, तर खाडीच्या आतल्या बाजूला असलेली मराठा आरमाराची गोदी नीट पाहता येते. कातळ फोडून तयार केलेली ही गोदी शंभर मीटरहून अधिक लांब आहे. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, पाणी उतरले की ते कोरड्यावर राहायचे आणि तळाची डागडुजी करता यायची, असे तिचे साधे पण विलक्षण नेमके तंत्र होते. समुद्रावरून येणाऱ्या शत्रूला ती दिसत नाही, वाऱ्याचा मारा तेथे पोहोचत नाही आणि किल्ल्याला वळसा घातल्याखेरीज तेथवर जाण्याचा मार्ग नाही. ही जागा निवडणाऱ्यांची दृष्टी पाहून मन भरून येते. असे असूनही गोदीकडे फारसे कोणी वळत नाही, याचे वाईट वाटते. वाट स्थानिकांना विचारूनच जावे आणि पायांत चांगली पकड असलेले बूट घालावेत, कारण शेवाळलेला कातळ फार निसरडा असतो.

परतताना गिर्ये येथील रामेश्वराचे मंदिर पाहावे. कातळ खोदून काढलेल्या वाटेने खाली उतरल्यावर हे मंदिर समोर येते. आवारात कान्होजी आंग्रे यांचे पुत्र संभाजी आंग्रे यांची समाधी सांगितली जाते. तेथील डोलकाठी मराठ्यांनी जिंकलेल्या इंग्रजी जहाजाची असल्याचेही सांगतात. मराठा आरमाराचे सरसुभे, म्हणजे प्रमुख, आनंदराव धुळप यांनी 1783 साली रत्नागिरीनजीक ‘रेंजर’ या इंग्रजी जहाजासह काही गलबते पकडून विजयदुर्गात आणली होती. धुळपांचा वाडा विजयदुर्ग गावातच आहे, परंतु ती खासगी वास्तू असल्याने विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

हे सर्व पाहून झाल्यावर दुपार कलताना किल्ल्यात शिरावे. किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधल्याचे मानले जाते. 1653 मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला. पुढे कान्होजी आंग्रे यांनी येथे आपले ठाणे वसवले आणि 1720 मध्ये इंग्रजांना, तर 1724 मध्ये डचांना येथून हात हलवत परतावे लागले. तटाला तटाची पाठराखण असलेली रचना चालत पाहिली की हे कसे घडले ते कळते : बाहेरची भिंत पडली तरी हल्लेखोर दुसऱ्या भिंतीच्या माऱ्यात सापडतो. म्हणूनच फेब्रुवारी 1756 ची हकिकत वाचताना जीव हळहळतो. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या मोहिमेत तोफगोळ्याने लागलेली आग एका जहाजावरून दुसऱ्यावर पसरत गेली आणि नांगरून पडलेले आंग्र्यांचे आरमार येथेच जळाले. त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात किल्ला पेशव्यांकडे आला, पण ती जहाजे गेली ती गेलीच.

आत तोफांचे गोळे, कोठारे, भवानीचे देऊळ आणि चोरवाटा आहेत. आमचे पाय सर्वाधिक काळ रेंगाळले ते मात्र ‘साहेबाच्या ओट्यां’पाशी, म्हणजे सूर्यग्रहण पाहण्यासाठी बांधलेल्या चौथऱ्यांपाशी. हेलियमचा शोध येथेच 1868 मध्ये लागला असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते आणि 18 ऑगस्टला गावात तो दिवस उत्साहाने साजराही होतो. परंतु 18 ऑगस्ट 1868 च्या त्या सूर्यग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथे केले होते आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांना सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये दिसली. लॉकियर विजयदुर्गास आले ते 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी, आणि तेव्हाच्या त्यांच्या निरीक्षणांचे अहवाल प्रसिद्ध आहेत. माझ्या मते ही खरी हकिकत लोकप्रिय कथेपेक्षा तसूभरही कमी मोलाची नाही आणि माहितीफलकांवर तीच यायला हवी.

समुद्राकडील तटाची झीज स्पष्ट दिसते. 2025 मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत विजयदुर्ग आहे, त्यामुळे देखभालीकडे अधिक लक्ष जाईल अशी आशा आहे. आपणही तटाच्या कडेवर चढू नये, विशेषतः मुलांना सांभाळावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि जांभ्याच्या पायऱ्या घसरड्या होतात. किल्ला निवांत पाहायचा तर तीन तास हाताशी ठेवावेत आणि पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. निवासाच्या जागा गावात मोजक्याच असल्याने सुट्टीच्या दिवसांत आधी फोन करून जागा पक्की करावी. ते न जमल्यास देवगडला मुक्काम करता येतो, मात्र मग सकाळची ओहोटी गाठण्यासाठी पहाटेच निघावे लागते.