कोंबूचं वाळवण आणि मामाचा चेकर

जुलै उजाडला की आमच्या गावात वाळवणं पडतात. कुरडया-पापडांची नाही, समुद्रातल्या कोंबूची. कोंबू म्हणजे तळहाताएवढी रुंद आणि दोन-तीन पुरुष लांब अशी शेवाळाची पट्टी; जपानी घरात तिच्याशिवाय सार होत नाही. पहाटे कोळी छोट्या होड्यांतून जातात आणि ओला कोंबू किनाऱ्यावर आणून टाकतात. गोटे पसरलेल्या अंगणात तो एकेक पट्टी सरळ करून घालायचा, हे काम आमच्यासारख्या रोजावरच्या बायकांचं. त्याला इथे ‘ओकामावारी’ म्हणतात. माल एका उन्हात वाळला पाहिजे. ढग आला की मालकीणबाई वर बघतात ते थेट माझ्या आजीसारखं, म्हणजे आभाळाने मुद्दाम त्यांच्याशीच दावा मांडलाय अशा नजरेने.

गाव म्हणजे उराकावा. होक्काइदो बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, साप्पोरोपासून बसने साडेतीन-चार तास. पूर्वी रेल्वे होती. 2015 च्या जानेवारीत लाटांनी रूळमार्ग खचवला आणि 2021 मध्ये ती कायमची बंद झाली. आता स्टेशन आहे, गाडी नाही. वस्ती अकरा-बारा हजार, तीही घटती. जपानमधले शर्यतीचे बहुतेक घोडे या हिदाका पट्ट्यात जन्मतात, आणि त्यांना पाठीवर माणूस सहन करायला शिकवणारे हात कमी पडायला लागले म्हणून इथे आपली माणसं आली. आज तिनेकशे तरी भारतीय असतील. बहुतेक राजस्थान-बिहारकडचे, आम्ही मराठी मोजके. माझा नवरा पुण्याच्या रेसकोर्सवर राइडिंग बॉय होता, आता इथल्या फार्मवर असतो. तो पहाटे घोड्यावर आणि मी कोंबूवर, असा आमचा उन्हाळा.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सकाळी सातला चहाची सुट्टी झाली. माझ्या शेजारी काम करणारी एक पन्नाशीची बाई भाताचा गोळा खाता खाता मालकीणबाईंना म्हणाली, “आज माझ्याकडे आवाज जास्त आलेत. मी नऊला घरी जाईन.”

मालकीणबाईंनी थर्मासचं झाकण लावलं. “हो का? किती जण आलेत?”

“तिघं. एक नवीन आहे.”

“मग नऊला जा. जाताना त्या कडेची रांग तेवढी उलटून जा.”

एवढंच. कोणी खायचं थांबलं नाही, कोणी कोणाकडे डोळ्यांनी खूण केली नाही. घास फक्त माझ्या हातात राहिला.

माझा एक मामा आहे, आईचा धाकटा भाऊ. एसटीत कंडक्टर होता, वाई-सातारा बाजूला. मी शाळेत असताना त्याला कोणीतरी बोललेलं ऐकू यायला लागलं. आधी ‘बाहेरचं’ म्हणून देवऋषी झाला, मग एका इस्पितळात महिनाभर, मग घरी माडीवर. नोकरी त्याने स्वतःच सोडली. गोळ्या सुरू झाल्या त्या आजतागायत. कोणी विचारलं तर आम्ही सांगायचो, मामा शेती बघतो. शेत एकरभरही नव्हतं. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, “आवाज येतात का?” मामा म्हणायचा, येतात, किंवा कमी आहेत. कागदावर ते लिहिलं जायचं आणि आम्ही मेडिकलच्या रांगेत जाऊन उभे राहायचो.

माझ्या लग्नात भटजींनी हाक दिली, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.” मला मंडपात घेऊन आला तो आईचा चुलतभाऊ. मामा माडीवर होता, दाराला बाहेरून कडी होती. मला ते ठाऊक होतं, आणि मीही ‘आजचा दिवस नको’ असंच म्हटलं होतं. हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

तर ती शेजारची बाई बेथेलची निघाली. ‘बेथेल नो इए’, बेथेलचं घर. उराकावाबाहेर हे गाव ज्यांना माहीत आहे त्यांना ते घोड्यांमुळे नाहीतर बेथेलमुळे. 1978 मध्ये इथल्या रेड क्रॉस रुग्णालयात मुकाइयाची इकुयोशी नावाचे तरुण समाजसेवक रुजू झाले. मानसोपचार विभागातून सुटलेल्या लोकांना जायला जागा नव्हती, काम तर नव्हतंच. त्यातले काही जण चर्चच्या जुन्या इमारतीत एकत्र राहू लागले आणि पोटासाठी कोंबू कापून पाकिटं भरायला लागले. 1984 मध्ये त्या घराला बेथेल हे नाव मिळालं. आधी ते कंत्राटावर पाकिटं भरून द्यायचे, पुढे स्वतःच विकायला लागले. मग म्हाताऱ्यांच्या डायपरची घरपोच विक्री, दुकान, कॅफे, असं वाढत गेलं. कॅफेचं नाव ‘बुराबुरा’, म्हणजे आपलं रिकामटेकडं हिंडणं. शंभरेक माणसं आहेत. पगारी कर्मचारी, समाजसेवक हेही आहेत, पण सभेत अध्यक्षाच्या खुर्चीत बसतो तो आजारपण स्वतः भोगलेलाच.

सभेचं त्यांना भारी वेड. ‘तीन वेळच्या जेवणापेक्षा सभा बरी’ ही त्यांची म्हण आहे. दुसरी म्हण मला जास्त आवडते: ‘निर्धास्त दांडी मारता येईल असं कामाचं ठिकाण’. पाहुण्यांना मज्जाव नसतो, म्हणून त्या बाईबरोबर एका सकाळी मीही गेले. फळ्यावर सगळ्यांची नावं होती. प्रत्येकाने सांगायचं, आज तब्येत कशी, मन कसं, आणि किती तास काम करणार. “तब्येत मध्यम, मन ढगाळ, दीड तास.” “तब्येत बरी, मन चिडकं, काम शून्य, नुसता बसणार आहे.” शून्यही फळ्यावर त्याच अक्षरात गेलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, कंबर धरलीय आणि रात्री सासूबाईंचा फोन होता. अध्यक्षांनी मान डोलावली आणि माझ्या नावापुढे लिहिलं: कंबर, सासू. तास किती, ते मी पाहुणी म्हणून सोडून दिलं.

मग एका गृहस्थांचं संशोधन. 2001 पासून इथे ‘तोजिशा केंक्यू’ नावाचा प्रकार चालतो. ज्याचं दुखणं त्यानेच त्याचा अभ्यास करायचा, पण एकट्याने नाही, चारचौघांत. डॉक्टरांनी दिलेलं नाव असतंच, त्याला आपण आपलं नाव जोडायचं. एकाने म्हणे स्वतःला ‘स्किझोफ्रेनिया, वीकएंड-कडकी प्रकार’ असं नाव दिलं होतं, दुसऱ्याने ‘माणसांची अॅलर्जी’. त्या दिवशीच्या गृहस्थांचा प्रश्न होता, दुकानात रांगेत उभं राहिलं की मागचा माणूस शिव्या देतोय असं का वाटतं. फळ्यावर बाण निघाले: कधी वाटतं, भूक लागल्यावर जास्त का, झोप झाली नसली तर काय. लोक आपापला अनुभव घालत होते. एकजण म्हणाला, “मला पुढचा देतो.” सगळे हसले, गृहस्थही.

आवाजांना इथे ‘गेन्चो-सान’ म्हणतात. गेन्चो म्हणजे भास होऊन ऐकू येणारं. त्याला ‘सान’ लावायचं, जसं आपण राव लावतो, साहेब लावतो. आवाज शिव्या देतो म्हणून आपण उलट शिव्या दिल्या तर भांडण पेटतं, हे यांनी अनुभवाने काढलेलं. म्हणून नम्रपणे सांगायचं, “गेन्चो-सान, आज मी दमलोय, आज परत जाल का?” हे ते चक्क नाटक करून घोटतात. एकजण आवाज होतो, दुसरा स्वतः. जमलं की टाळ्या, नाही जमलं तरी टाळ्या, आणि पुन्हा. औषधं सोडा असं कोणी म्हणत नाही. माझी शेजारीण चहाबरोबर गोळ्या सगळ्यांसमोर मोजून घेते.

बेथेलमधली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट उडत्या तबकडीची. एका सदस्याला हुकूम झाला की तबकडी येणार, तिच्यात बसून पृथ्वी वाचवायला जायचं. तो निघाला. बाकीच्यांनी सभा भरवली. तबकडी-बिबकडी नसते, असं कोणीच म्हणालं नाही. एकाने विचारलं, “तुझ्याकडे परवाना आहे का? उराकावात तबकडीत बसायला परवाना लागतो.” परवाना नव्हता. कुठे मिळेल? इथले मानसोपचाराचे डॉक्टर कावामुरा, त्यांच्याकडे. मग त्याच रात्री तो मित्रांबरोबर कावामुरांपर्यंत गेला. दरवर्षीच्या बेथेल महोत्सवात ‘भास-भ्रम महास्पर्धा’ असते, तिथे या गोष्टीला मोठं बक्षीस मिळालं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अवघडले. आजारी माणसाला स्टेजवर उभं करून हसायचं? हे मी शेजारणीला विचारलं. तिने स्वतःची गोष्ट एका वर्षी पाठवली होती, बक्षीस मिळालं नव्हतं, आणि तिचा राग अजून तेवढ्यावरच होता. “परीक्षकांना काही कळत नाही,” म्हणाली.

गावाने यांना पहिल्यापासून असंच कुशीत घेतलं असेल असं समजू नका. लोक घाबरत होते, कुरकुरत होते. तेव्हा बेथेलने एक सभा जाहीर केली: ‘पूर्वग्रह आणि भेदभावाचं मनःपूर्वक स्वागत’. या, तुम्हाला आमची भीती का वाटते ते तोंडावर बोला, आम्ही कोणाला दोष देणार नाही. मला हे अजून पचलेलं नाही. अपमान ऐकायला आपणच खुर्च्या मांडायच्या? पण शेजारीण म्हणते, मालकीणबाई या माणसांना पहिल्यांदा भेटल्या त्या अशाच एका सभेत, आणि भांडायलाच गेल्या होत्या.

आणखी एक. उराकावावरून जपान ओळखू नका. या देशात मानसोपचाराच्या सुमारे तीन लाख खाटा आहेत, लोकसंख्येच्या मानाने श्रीमंत देशांत कुठेच नाहीत एवढ्या, आणि त्यांवर वर्षानुवर्षं पडून असलेली माणसं आहेत. इथल्या रेड क्रॉसमध्येही एके काळी अशा 130 खाटा होत्या. त्या कमी करत करत 2014 मध्ये तो वॉर्डच बंद झाला आणि डॉक्टर कावामुरा तोशिआकी यांनी गावात छोटा दवाखाना थाटला. दुसरं म्हणजे पैसा. ‘काम शून्य’ असं फळ्यावर लिहिणाऱ्याला सरकारी अपंगत्व पेन्शन मिळते, नाहीतर निर्वाहभत्ता. निर्धास्त दांडी त्याच्या जिवावर मारता येते. मामाच्या नावावर तसलं काही नव्हतं. आईच्या बांगड्या होत्या.

आपल्याकडे काहीच नाही, असंही मी म्हणणार नाही. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालेलं. तिथे दारू सोडलेली माणसंच नव्याने आलेल्याला हाताशी धरतात, हे आमच्या गल्लीतल्या एका घराने अनुभवलंय. पण दारूबद्दल निदान चारचौघांत बोलता तरी येतं. मामाच्या आजाराचं मराठी नावच बघा ना, छिन्नमनस्कता. जपानीतही तसंच होतं, ‘मन दुभंगण्याचा रोग’. 2002 मध्ये त्यांनी ते बदललं. नव्या नावाचा अर्थ साधारण ‘जुळणी बिघडणं’. जुळणी बिघडली तर निदान जुळवायला तरी घेता येते.

मागच्या गणपतीत घरी व्हिडिओ कॉल केला. आरती झाली होती, आईने फोन मोदकांवरून फिरवत माडीवर नेला. मामा खाटेवर बसला होता, अंगात स्वेटर, सप्टेंबरात. जेवलास का, पाऊस कसा आहे, हे सगळं झालं. मग मी विचारलं, “मामा, तो काय म्हणतो रे?”

आई मधेच म्हणाली, “सणासुदीचं काय उकरून काढतेस?”

मामा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, “कोण, चेकर?”

तीस वर्षांत आम्हाला माहीत नव्हतं की तो चेकर आहे. सुरूर फाट्याला चढतो. गाडी भरलेली असते. सगळ्या पॅसेंजरांसमोर म्हणतो, बॅग उघड, वेबिल दाखव. मोजतो. तीन रुपये चाळीस पैसे कमी भरतात. दर वेळी तेवढेच, एक पैसा इकडे-तिकडे नाही. मामा पंचवीस मिनिटं बोलला. गाडीचा नंबर सांगितला, पुढच्या सीटवर एक म्हातारी कोंबडी घेऊन बसते ते सांगितलं. आईच्या हातातला फोन हलायला लागला तसा तिने तो पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि स्वतः खाली बसली. मामा बोलत असताना ती मधेच एकदा म्हणाली, “कोंबडी कशाला घेऊन बसते रे?” मामा म्हणाला, “तिला पाचवडला विकायची आहे.”

मग मी त्याला इथलं सांगितलं. इथे लोक आवाजाला साहेब म्हणतात आणि नीट बोलून परत पाठवतात. सगळ्यांना जमत नाही, पण करून बघतात. “तू त्याला म्हण, साहेब, आज माझी ड्युटी नाही.”

मामाने मान हलवली. “असं तोंडी नाही चालत. अर्ज लागतो.”

“कसला अर्ज?”

“रजेचा.”

आई उठली. शोकेसच्या खणातून तिने माझ्या भाच्याची शाळेची वही आणली आणि मागचं पान फाडून दिलं. मामाने वर तारीख घातली, उजवीकडे. ‘मा. आगार व्यवस्थापक साहेब’ लिहिलं, खाली रेघ मारली. अक्षर अजून तसंच आहे, डावीकडे झुकलेलं. दोन ओळी झाल्यावर थांबून त्याने फोनकडे बघितलं.

“कारण काय लिहू?”

मी विचार करत होते तोवर आईच म्हणाली, “घरगुती अडचण लिही.”